वयस्कर माणसाचा न्यूमोनिया आणि अँटिबायोटिकची ड्रिप: किती वेळात सोडायची, कशी सोडायची

वॉर्डात पंचाहत्तरी-ऐंशीचा न्यूमोनियाचा पेशंट आला की फाईलवर अँटिबायोटिकचं नाव असतं, डोस असतो, दिवसातून किती वेळा तेही असतं, पण किती वेळात सोडायचं ही जागा बऱ्याचदा कोरी असते, आणि मग ज्याची ड्युटी तो आपल्या सवयीने सोडतो, कुणी वीस मिनिटांत, कुणी दोन तासांत, कुणी रोलर (नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक) अर्धा उघडून पुढच्या बेडकडे निघून जातो. मी मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत सिस्टर आहे आणि मला अगदी ठामपणे वाटतं की औषध किती वेळात जातं हा डोसचाच भाग आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसात. नवीन जॉईन झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी लिहितेय, आणि आई-वडिलांच्या बेडशेजारी रात्र काढणाऱ्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतेय. कोणतं औषध आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, ते इथे वाचून कुणी बदलायचं नाही. पण लिहिलेलं औषध नीट, पूर्ण आणि योग्य वेगाने पेशंटच्या अंगात गेलं की नाही हे मात्र आपल्या हातात असतं.

आधी एक गोष्ट. या वयात न्यूमोनिया पुस्तकासारखा दिसत नाही. ताप नसतो, खोकला किरकोळ असतो, घरचे सांगतात "कालपासून काहीतरीच बडबडतेय", "जेवत नाहीये", "बाथरूममध्ये पडले". म्हणून श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट घड्याळ बघून मोजा, अंदाजे २० लिहू नका. ३० किंवा त्याच्या वर असेल, वरचं बीपी ९० च्या खाली असेल, नव्याने भ्रम झालेला असेल, तर तो पेशंट आजारी आहे, टीपीआर शीटवर तापमान ९८ असलं तरी. लगेच आरएमओना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) सांगा.

सुरू करायच्या आधी

ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) लिहिलं असेल तर पहिल्या डोसच्या आधी घ्या, पण कल्चरची बाटली स्टोअरमधून यायची म्हणून दोन तास अँटिबायोटिक थांबवून ठेवू नका, पेशंट शॉकमध्ये असेल तर औषध तासाभराच्या आत गेलं पाहिजे. थुंकीचा नमुना मिळाला तर तोही आधीच पाठवा. आपल्याकडे टीबी इतका आहे की लिव्होफ्लॉक्सासिन सुरू करायच्या आधी टीबीची थुंकी गेली का हे डॉक्टरांना एकदा विचारलंच पाहिजे, कारण ते औषध टीबीवरही थोडंफार काम करतं, पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार उशिरा सापडतो.

ॲलर्जीचं विचारताना "ॲलर्जी आहे का" एवढंच विचारलं तर आजी "नाही" म्हणणार. "पूर्वी कधी सुई दिल्यावर अंगावर गांध्या आल्या होत्या का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडला होतात का" असं विचारा, आणि मुलाला-सुनेलाही विचारा. टेस्ट डोसचा आपल्या हॉस्पिटलचा जो नियम असेल तो पाळा, पण टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्या डोसची पहिली दहा मिनिटं पेशंटजवळ उभं राहायचं, आणि ॲड्रेनलिन कुठल्या ट्रेमध्ये आहे हे आधीच माहीत पाहिजे. रिॲक्शन आली तर औषध बंद, मदतीला हाक, आणि मांडीच्या स्नायूत अर्धा मिलीग्रॅम ॲड्रेनलिन, ते नेहमीच्या १ एमएलमध्ये १ मिलीग्रॅमच्या अँप्युलमधून अर्धा एमएल भरतं.

वजन घ्या. हे मी हात जोडून सांगते. बेडवरून उठवता येत नसेल तर घरच्यांना विचारा, पण "५० केजी" असं ठोकून देऊ नका. ८२ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचा क्रिएटिनिन (किडनी किती चालते याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.० आला तर रिपोर्टवर तो नॉर्मलच दिसतो, खाली लाल अक्षर नसतं. पण हिशोब करा: १४० वजा वय म्हणजे ५८, गुणिले वजन ४५, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आलं ३६, बाई म्हणून त्याला ०.८५ ने गुणलं की साधारण ३१. म्हणजे किडनी तरुण माणसाच्या निम्म्यानेही चालत नाहीये, आणि रिपोर्ट नॉर्मल! स्नायूच उरलेले नसतात, क्रिएटिनिन वाढणार कुठून. हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचे डोस डॉक्टर त्यावरच बसवतात.

पहिला डोस: पूर्ण आणि वेळेत

किडनी कमी चालते म्हणून पहिला डोस कमी करत नाहीत. पिपटाझ (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम), मेरो (मेरोपेनेम) यांसारख्या औषधांचा पहिला डोस पूर्ण द्यायचा आणि साधारण अर्ध्या तासात सोडायचा, म्हणजे रक्तातली पातळी पटकन वर जाते. किडनीप्रमाणे कमी-जास्त करायचं ते पुढच्या डोसांचं. काही जण नुसतं ऐकून पहिलाच डोस चार तासांवर, म्हणजे चार तासांत सावकाश संपेल असा, लावतात, त्यात पहिले एक-दोन तास जंतूंना पुरेसं औषध मिळतच नाही आणि नेमके तेच तास महत्त्वाचे असतात. पहिल्यानंतर सावकाश जाणारा डोस लगेच सुरू करायचा की पुढच्या ठरलेल्या वेळेला, हे हॉस्पिटलप्रमाणे वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको.

नंतरचे डोस सावकाश का

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम ही बीटा-लॅक्टम घराण्यातली औषधं. रक्तात एकदम खूप वर चढली म्हणून ती जास्त जंतू मारतात असं नाही, एका ठरावीक पातळीच्या वर किती तास टिकली यावर त्यांचं काम चालतं. शेतात पाणी एकदम सोडलं तर वाहून जातं आणि ठिबकने दिलं तर मुळाशी मुरतं, तसंच काहीसं. तोच डोस अर्ध्या तासाऐवजी तीन-चार तासांत दिला तर पातळी जास्त वेळ टिकते, औषध तेवढंच, पैसे तेवढेच. जंतू जरा चिवट असेल, म्हणजे हॉस्पिटलमध्ये राहून झालेला न्यूमोनिया, आधी बऱ्याच अँटिबायोटिक घेतलेला पेशंट, व्हेंटिलेटरवरचा पेशंट, तिथे याचा जास्त उपयोग होतो.

फायदा किती, तर प्रामाणिकपणे सांगायचं तर जादू नाही. २०२४ मध्ये ब्लिंग-थ्री नावाचा मोठा अभ्यास आला, सात देशांतले सेप्सिसचे (जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागलेले) सुमारे सात हजार आयसीयू पेशंट, पिपटाझ किंवा मेरो अखंड २४ तास चालू ठेवलं विरुद्ध नेहमीसारखं थोड्या थोड्या वेळाने दिलं. ९० दिवसांत दगावलेले २४.९ टक्के आणि २६.८ टक्के, अखंडवाल्यांत कमी, पण एकट्या त्या अभ्यासावरून छातीठोक म्हणता येईल एवढा फरक नव्हता. त्याच वेळी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मात्र सावकाश देण्याने मृत्यू कमी झालेले दिसले. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येही पहिला डोस पटकन आणि नंतरचे लांबवून, असंच सुचवलंय. माझं मत विचाराल तर आपल्या साध्या वॉर्डात अखंड २४ तासांच्या भानगडीत पडायची गरज नाही, पंप पुरेसे नसतात, औषध बाटलीत पडून गरम होतं, पण तीन-चार तासांची ड्रिप कुठलाही वॉर्ड नीट चालवू शकतो.

पिपटाझ ४.५ ग्रॅम, चार तासांवर: हाताने कसं करायचं

१०० एमएलची एनएस (नॉर्मल सलाईन) घ्या. रबराचा भाग स्पिरिट स्वॅबने पुसा आणि सुकू द्या. आता २० एमएलच्या सिरिंजने त्याच बाटलीतलं २० एमएल काढा आणि त्यातच वायलमधली (औषधाच्या छोट्या बाटलीतली) पावडर विरघळवा, वेगळं डिस्टिल्ड वॉटर नको, म्हणजे परत घातल्यावर एकूण १०० च्या आसपासच राहतं आणि हिशोब सोपा होतो. पिपटाझ हट्टी असतं. जोरात हलवलं की फेस होतो आणि तळाशी गोळा तसाच राहतो. वायल दोन तळव्यांत धरून गोल गोल फिरवा, पाच मिनिटं, कधी दहासुद्धा लागतात, घाई करू नका, उजेडाकडे धरून बघा, पांढरा कण दिसत नाही तोपर्यंत सिरिंजमध्ये ओढू नका. मग बाटलीत घाला, बाटली दोन-तीनदा उलटी-सुलटी करा, नाहीतर औषध तळाशी बसतं. लेबलवर पेशंटचं नाव, औषध, डोस, मिसळल्याची वेळ, संपायची वेळ, तुमची सही.

१०० एमएल चार तासांत म्हणजे तासाला २५ एमएल. पंप असेल तर २५ टाकलं की झालं. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट घ्या, त्याचे ६० थेंब म्हणजे १ एमएल, म्हणून तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, २५ एमएल म्हणजे २५ थेंब, डोकं खाजवायलाच नको. साध्या २० थेंबांच्या सेटवर हेच मिनिटाला आठ थेंब होतात आणि आठ थेंब रोलरवर स्थिर ठेवणं महाकठीण, पेशंटने कोपर वाकवलं की बंद, सरळ केलं की धो धो. मेरो १ ग्रॅम १०० एमएलमध्ये तीन तासांवर असेल तर तासाला ३३, मायक्रोवर ३३ थेंब. डायल फ्लो (नळीवरची वेग ठरवायची तबकडी) लावला असेल तरी डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून जाऊ नका, एक मिनिट थेंब मोजा.

आणि बाटलीवर उभी चिकटपट्टी लावा. १०० पाशी सुरू केल्याची वेळ, ७५ पाशी एक तासानंतरची, ५० पाशी दोन, २५ पाशी तीन. दुपारी दोनला सुरू केलं तर ५० च्या रेषेवर चार वाजता पातळी आली पाहिजे. शिफ्ट बदलली तरी येणारीला एका नजरेत कळतं, आणि नातेवाईकालाही सांगता येतं की "काका, चार वाजता इथवर आलं नाही तर मला हाक मारा". ड्रिप मागे पडली म्हणून उरलेली एकदम सोडायची नाही, फाईलवर लिहा, डॉक्टरांना सांगा.

नातेवाईकांना एक विनंती. "सलाईन संपतच नाहीये" म्हणून रोलरला हात लावू नका. ती मुद्दामच सावकाश आहे.

नळीत राहिलेलं औषध

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त हाच राहून जातो. बाटली रिकामी झाली, सेट काढला, डस्टबिनमध्ये टाकला. पण सेटच्या नळीत आणि चेंबरमध्ये मिळून १५ ते २० एमएल राहतंच. १०० एमएलमध्ये ४.५ ग्रॅम असेल तर २० एमएल म्हणजे ०.९ ग्रॅम, डोसचा जवळजवळ पाचवा हिस्सा, कचऱ्यात. दर डोसला. फाईलवर मात्र ४.५ ग्रॅम दिल्याची सही. मग तिसऱ्या दिवशी राउंडला चर्चा होते की ताप का उतरत नाही, औषध बदलायचं का, आणि त्याहून भारी औषध लिहिलं जातं.

उपाय साधा आहे. बाटली संपली की त्याच सेटला साधी एनएस जोडा आणि २०-२५ एमएल त्याच वेगाने जाऊ द्या, कारण नळीत अजून औषधच आहे. मगच लाईन बंद. हा फ्लश इनटेकमध्ये (पेशंटच्या अंगात गेलेल्या पाण्याच्या नोंदीत) लिहा. सिरिंज पंप असेल तर अजून चांगलं, ५० एमएलमध्ये औषध करून तासाला १२.५ ने चालवता येतं, एक्स्टेंशन लाईनमध्ये दोन-तीन एमएलच अडकतं आणि पाणीही निम्मं जातं, हार्टच्या पेशंटला ते फार बरं. एवढं घट्ट औषध बारीक शिरेतून चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या.

बाकीची औषधं

सगळंच चार तासांवर लावायचं नसतं. सेफ्ट्रियाक्सोन शरीरात मुळातच बराच वेळ टिकतं, अर्ध्या तासात सोडलं तरी चालतं, फक्त आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेलं सलाईन) किंवा कॅल्शियमसोबत एका लाईनमध्ये कधीच नाही, खडे धरतात. ऑगमेंटिन १.२ एनएसमध्ये अर्ध्या-पाऊण तासात, डेक्स्ट्रोजमध्ये नको, आणि करून ठेवून द्यायचं नाही. मेरोसुद्धा डेक्स्ट्रोजमध्ये लवकर खराब होतं, एनएसमध्येच करा आणि केलं की लगेच लावा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याकडे बिनएसीच्या वॉर्डात खिडकीतल्या उन्हात बाटली लटकलेली असते, स्टँड सावलीत घ्या.

अझिथ्रोमायसिन ५०० कधीच पुश (सिरिंजने थेट शिरेत) नाही. २५० एमएलमध्ये किमान एक तास, ५०० एमएलमध्ये तीन तास. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० ला किमान दीड तास, घाई केली की बीपी पडतं. ही दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून ईसीजी झाला का, पोटॅशियम किती आहे हे बघूनच लावा. व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान २०० एमएलमध्ये आणि किमान १०० मिनिटं, पटकन गेलं तर चेहरा-मान लालबुंद होते, खाज सुटते, बीपी पडतं. अमिकासिन किंवा जेंटा (जेंटामायसिन) पिपटाझच्या बाटलीत किंवा त्याच चालू लाईनमध्ये मिसळू नका. चार तास एक लाईन अडकणार असेल तर बाकीची इंजेक्शनं कुठून द्यायची हे आधीच ठरवा, दुसरा व्हेनफ्लॉन (शिरेत बसवायची प्लास्टिकची नळी) लागतोच बऱ्याचदा.

शीर आणि हात

म्हाताऱ्या माणसाची कातडी पापडासारखी आणि शीर दोरीसारखी दिसते पण हाताखालून सटकते. कोपर आणि मनगट टाळून हाताच्या पुढच्या भागात २२ नंबरचा व्हेनफ्लॉन पुरतो. टर्निकेट (शीर फुगवायला बांधायचा पट्टा) बाहीवरून आणि सैल, हातावर फटके मारू नका, काळंनिळं होतं. पॅरालिसिसचा हात, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) असलेला हात सोडून. दर थोड्या वेळाने टोचल्या जागी बोट लावून बघा, गरम, लाल, कडक, सुजलेलं वाटलं की काढा, या वयात पेशंट दुखतंय म्हणून सांगेलच असं नाही.

भ्रम झालेले आजोबा रात्री लाईन ओढतात. बांधून ठेवणं हा पहिला उपाय नाही, त्याने तडफड वाढते. लाईन बाहीच्या आतून वर न्या, टोचलेली जागा डोळ्यांसमोर ठेवू नका, चष्मा आणि कानाचं मशीन घालून द्या, ओळखीचं कुणी जवळ बसवा, "आजोबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात, हे औषध चालू आहे" हे दहा वेळा सांगावं लागलं तर दहा वेळा सांगा. शक्य असेल तिथे डोसच्या वेळा अशा बसवा की जेवण, फिजिओ आणि संडास-बाथरूम दोन ड्रिपच्या मधल्या मोकळ्या वेळात होतील. पिपटाझ चार वेळा चार-चार तास म्हणजे दिवसाचे १६ तास माणूस स्टँडला अडकला, आणि पडून राहिलेल्या म्हाताऱ्याची छाती अजून भरते. बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा, भरवताना तर नक्कीच.

पाणी आणि मीठ मोजा

पिपटाझच्या चार बाटल्या ४०० एमएल, त्यांचे फ्लश १००, अझिथ्रो २५०, पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या ३००, इथेच हजाराच्या वर गेलं आणि अजून "सलाईन" म्हणून लिहिलेलं काहीच लावलेलं नाही. वर पिपटाझमध्ये स्वतःचंही सोडियम असतं. हार्ट कमजोर असलेल्या पेशंटचा दम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढला तर न्यूमोनिया वाढला असं धरून चालण्याआधी इनटेक-आउटपुट बघा, पायाची सूज बघा, लघवी किती झाली बघा. अँटिबायोटिकच्या बाटल्या इनटेकमध्ये न धरणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

याशिवाय जुलाब सुरू झाले, लघवी कमी झाली, पोटॅशियम उतरलं, तर सांगा. सेफेपीमवर असलेला पेशंट सुस्त झाला, बडबडायला लागला, हातपाय झटके मारायला लागले, तर "म्हातारपणामुळे" म्हणून सोडून देऊ नका, किडनी कमी चालत असेल तर ते औषध डोक्यावर चढतं. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना कळवा.

ड्रिप कधी थांबवायची

ताप उतरला, श्वास आणि बीपी स्थिर, ऑक्सिजन कमी लागतोय, माणूस शुद्धीवर आणि गोळी नीट गिळतोय, एवढं झालं की राउंडला स्वतःहून विचारा, "सर, तोंडाने सुरू करायचं का?" घरातून आलेला साधा न्यूमोनिया असेल आणि पेशंट सुधारत असेल तर एकूण पाच दिवसांत बऱ्याचदा कोर्स पूर्ण होतो, हॉस्पिटलमध्ये झालेल्याला सहसा सात. एक्स-रे मागे राहतो, त्याला साफ व्हायला कित्येक आठवडे लागतात, तो साफ नाही म्हणून सलाईन चालू ठेवायची नसते. नातेवाईकांना वाटतं सलाईनमध्ये जास्त ताकद असते, त्यांना बसून समजावून सांगा. आणि उरलेले डोस घरी द्यायचे ठरलेच तर प्रशिक्षित नर्सकडूनच, त्याच औषधाचे डोस हॉस्पिटलमध्ये आधी झालेले असतील तरच, पहिला डोस घरी कधीच नाही.

व्हेनफ्लॉन काढल्यावर कापूस ठेवून चांगली तीन-चार मिनिटं दाबून धरा, यातले बरेच जण रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतात. घरी जाताना ती जागा पुढचे दोन दिवस बघायला सांगा, लाल रेघ वर चढली, पू दिसला किंवा ताप आला तर परत या म्हणावं, आणि डिस्चार्ज कार्डवर शेवटचा डोस किती वाजता गेला ते लिहा, म्हणजे घरी पहिली गोळी कधी घ्यायची हा घोळ होत नाही.